गॅरंटीचं टेबल

मी मिठाच्या घरची, हे पयलं लिवून घ्या, नायतर पुढं तुमीच इचाराल की ही बाई सॅकची चेन तोंडात कशाला घालते. पेणच्या खाडीला आमचं गाव, बापाचं मिठागर, भरतीचं पानी आत घ्यायचं, एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत खेळवायचं, उन्हानं आटवायचं, नि मीठ धरलं की लाकडाच्या फावड्यानं ओढायचं. लाकडाचंच, बरं का, बाप लोखंड आत आनू द्यायचा नाय, बोलायचा मीठ लोखंडाला खातं. हे माला पाच वरसाची असल्यापासून म्हाईत. हे बी लिवून ठेवा, पुढं लागंल.

बाप कोंडीत बोट बुडवायचा, जिभेला लावायचा नि बोलायचा, अजून दोन दिस. दोन म्हंजे दोनच. त्यानं आमाला पन शिकवलं. मीठ ओढून झालं की खाली जे पानी उरतं ना, ते कडू, जीभ आखडते, ते मिठात ऱ्हायलं तर मीठ पावसाळ्यात पाझरतं. आमचा पोरांचा खेळच तो, डोळे मिटायचे, भावानं बोटावर मीठ द्यायचं नि मी सांगायचं, ही आपली कोंडी, ही काकाची. काकाच्या मिठाला कडवटपना जास्त, काका आळशी, पानी नीट काढायचा नाय. तो मेला आता, पन आळशीच व्हता.

मीठ भरून झालं की गोन शिवायची, ते काम माझं. दाभन नि सुतळी. दाभन म्हंजे ही एवढी मोठी सुई, हाताला घट्टे पडतात, हे बगा अजून हायत. मशीन माला म्हाईत नव्हती. लगीन होऊन आले ते वरसे गावात, रोह्याला लागून, तिकडं सगळी भाताची मानसं. सासू माझी शेजारनीला सांगायची, मिठाच्या घरची आनली हाय, कालवनात हात जड. मी बोलायची, आत्या, हात जड नाय, तुमची जीभ हलकी. हसायची ती. चांगली व्हती सासू. नवरा रोह्याला कंपनीत, शिफ्ट ड्युटी.

तर तवा कोकन रेल्वेचं काम चाललं व्हतं, नव्वद साल उलटून गेलं व्हतं. माझा धाकटा भाऊ तिकडं डंपरवर. तो एकदा घरी आला नि बोलला, ताई, गडब गावात हायवेला भाताची जुनी गिरन हाय ना, त्या शेडमधी ठान्याकडचा एक मानूस पिशव्या बनवतो, त्याला दाभन चालवनारी बाई पायजे. मी बोलले, दाभनानं कसली पिशवी? बोलला, पाठीवरची. डोंगरात जातात ती. मी एसटी पकडून गेले. तिथं हे जोगसाहेब, तिशीचा मानूस, दाढी, पायात ते जाड बूट, नि समोर एक तराजू. वान्याचा नाय, सोनाराचा असतो तसला बारीक. त्यावर तो एक बटन तोलत बसला व्हता.

काय सांगू तुमाला, त्या मानसाला हलक्याचं येडच व्हतं. त्या टायमाला सॅक म्हंजे जाड कॅनव्हासची, रिकामीच तीन-तीन किलो भरायची. साहेब बोलायचे, माझी सॅक एक किलोच्या आत. कापड बारीक, छत्रीच्या कापडासारखं पन घट्ट. पट्टा बारीक. बटन कापायचे, लेबल कापायचे, एकदा तर आतल्या शिवनीचं जास्तीचं कापड कातरायला लावलं नि परत तराजूवर टाकलं, नि पोराचा निकाल लागल्यासारखे खूश झाले. आमी बाया एकमेकींकडं बगायचो. आमी डोक्यावर मन-मन मीठ वाहिलेली मानसं, नि हा बटनासाठी भांडतोय. पन एक दिस त्यांनी सांगितलं, बाई, पाठीवरचं वजन पयल्या तासाला कळत नाय, सहाव्या तासाला कळतं. ते माला पटलं. आमचं बी तसंच असायचं, फक्त मान दुखायची.

शेडमधी आमी आठ-नऊ जनी. त्यात मंगल, गागोद्याची. मशीनवर तिचा हात म्हंजे बगत बसावं. सॅकला चेन बसवायचं काम एकटी मंगल करायची, दुसऱ्या कुनाचं ते कामच नव्हतं, कारन ते बारीक कापड चेनीच्या कडंला सरकतं, चुन्या पडतात. तिच्या चेनीला एक चुनी नाय. नि चेन संपली की शेवटाला तीन आडवे टाके मारायची, ती तिची खूण. माझं काम पट्ट्याचं, जिथं पट्टा पाठीला जोडतात तिथं जाड व्हतं, मशीनची सुई तुटते, तिथं माझं दाभन. मशीन माला मंगलनंच शिकवली, जेवनाच्या सुट्टीत, सोताचा डबा अर्धा ठेवून. बोलायची, पाय हळू गो, मशीन काय पळून जात नाय. नवरा तिचा असून नसल्यासारखा, एक लेक, ज्योती, तिला नर्स करायची हे तिनं ती पोर चौथीत असतानाच ठरवून टाकलं व्हतं. सगळं तिच्या पगारावर.

आता गॅरंटीचं. साहेबांनी सॅकच्या आतल्या खिशात एक चिठ्ठी शिवायला लावली, पाच वरस गॅरंटी, फाटली तर पाठवा, आमी शिवून देऊ. लोक त्यांना हसले, बोलले, एवढी हलकी पिशवी नि पाच वरस? साहेब बोलले, म्हनूनच. मंग परत आलेल्या सॅका बगायला कोन? माला बसवलं. खिडकीजवळ एक टेबल, एक दाभन, एक मशीन, नि कागदाचा गठ्ठा. त्या कागदावर दोन रकाने, गिऱ्हाइकाची चूक नि आपली चूक. आपली असली तर खाली लिवायचं काय चुकलं नि कुनाच्या हातनं. मी सातवी शिकलेली, लिवायला यायचं. साहेब बोलले, बाई, हे टेबल म्हंजे कोर्ट हाय, तुमी लिवाल ते खरं. लय बरं वाटलं माला. खोटं कशाला बोलू, मान वर झाली.

सॅक बोलते, तुमाला सांगते. मानूस चिठ्ठीत लिवतो की आपोआप फाटली, नि सॅक सांगते की उंदरानं कुरतडली, आत चिक्की ऱ्हायली व्हती. एकानं लिवलेलं, एकदाच वापरली. तळाला बगितलं तर कातळावर बसून घसरत खाली आलेला. एकीचा पट्टा जळलेला, स्टोव्हजवळ ठेवलेली, आत भाताची शितं अजून चिकटलेली. एका मास्तरानं तर सॅकमधनं आंबे नेलेले, सगळा रस आत, मुंग्यांसकट पोस्टानं पाठवली. मी सगळ्यांच्या शिवायची. गिऱ्हाइकाची चूक असली तरी साहेब बोलायचे शिवा, फक्त कागदावर खरं लिवा.

आता मिठाकडं येते. साहेबांचा नेम असा की कुठलीच सॅक वजन लावल्याशिवाय बाहेर जायची नाय. आत वीस किलो भरायचं, पट्ट्यानं हुकाला टांगायची, चार तास ठेवायची, मंग हातानं धरून दहा हिसके. पयलं दगड भरले, तर दगडाच्या कोन्यानं कापडच गेलं. रेती भरली, ती शिवनीत शिरली. तांदूळ भरले तर उंदीर. साहेब डोक्याला हात लावून बसले व्हते. मी बोलले, साहेब, मीठ घ्या ना. कोपऱ्या-कोपऱ्यात बसतं, टोचत नाय, उंदीर खात नाय, नि माझा बाप गोनीच्या गोनी देईल. साहेबांनी माझ्याकडं बगितलं नि सगळ्यांसमोर बोलले, बगा, डोकं असं चालवायचं. मंगलनं जुन्या चादरी फाडून मीठ भरायला पिशव्या शिवल्या. तिच्याच हातच्या त्या. होळी नुकती झाली व्हती तवा. भावानं गडबला मीठ आनून टाकलं, आमच्याच आगरातलं.

उन्हाळाभर काय झालं नाय. मंग पाऊस लागला नि मीठ पाझरायला लागलं. चादरीच्या पिशवीतनं खाली उतरायचं, नि सॅकला तळाला एक चेन असते, खालच्या कप्प्याची, तिथं जाऊन थांबायचं. आमी बगायचो ना. ओलं दिसायचं, फडक्यानं पुसायचो, पंख्याखाली सुकवायचो नि पाठवून द्यायचो. आमाला मिठाचं भ्याव नसतं. जखमेला मीठ, दाताला मीठ, पोराची दृष्ट काढायला मीठ, मीठ म्हंजे आमाला सगळ्यात चोख वस्तू. दुसऱ्या कुठल्या घरच्या बाईनं म्हटलं असतं, अगो, हे पानी चेनीला बरं नाय. आमच्या डोक्यात आलंच नाय. नि चेन दिसायला प्लास्टिकची. पन ती पुढं-मागं सरकवायची टिकली असते ना, ती धातूची. बापाचं लाकडाचं फावडं माला तवा आठवायला पायजे व्हतं. नाय आठवलं.

दुसऱ्या साली थंडी सरता-सरता सॅका परत यायला लागल्या. एक, दोन, मंग आठवड्याला चार. सगळ्यांचं एकच, खालची चेन. टिकली अडकायची, डोंगरातलं मानूस घाईत, जोरात ओढायचं, नि चेनीच्या कडंचं कापड टरकन फाटायचं. टेबलावर माझ्याकडं यायची तवा दिसायचं काय, तर चेनीच्या शिलाईजवळ फाटलंय. टिकलीवर थोडी पांढरी भुकटी असायची, मी बोलले घाम असंल, धूळ असंल. साहेबांनी चेनवाला बदलला. नवा चेनवाला बोलला, माझ्या चेनीत काय नाय, तुमची शिलाई कडंला लय जवळ पडते, बारीक कापड तिथंच तुटनार. साहेब माझ्याकडं आले, बोलले, बाई, तुमाला काय वाटतं? नि मी, मी ती सॅक उलटीपालटी केली, फाटलेलं बगितलं नि कागदावर लिवलं, आपली चूक, शिलाई, मंगल.

असे किती कागद लिवले मी. वीस-बावीस तरी. दर वेळंला मंगलचं नाव. ती समोरच बसायची. एकदा येऊन तिनं सॅक हातात घेतली, सोताचे तीन टाके बगितले, त्यावरून अंगठा फिरवला नि बोलली, टाका तर बरोबर हाय गो. मी बोलले, कापड तिथंच फाटलंय ना पन. ती जागेवर गेली. साहेबांनी तिला चेनीवरनं काढलं, धागे कापायला बसवलं. मशीनवरच्या बाईला धागे कापायला बसवनं म्हंजे काय ते शिवनाऱ्यालाच कळतं. अक्षय तृतीयेच्या आधी एक दिस तिनं कातर टेबलावर ठेवली, पदर झटकला नि गेली. कुनी काढली नाय तिला, ती आपली आपन गेली, असंच सगळे बोलायचे. मी बी बोलायची.

चेनीवर नवी बाई आली. मंग आखाड लागला. बाहेर धो धो, नि माझ्या टेबलावर एक सॅक, सोबत शाळेतल्या बाईंची चिठ्ठी, सुंदर अक्षर, की ही सॅक मी कदी समुद्राकडं नेली नाय, पावसात नेली नाय, फक्त दोनदा नाशिककडच्या डोंगरात नेली, तरी चेन का अडकावी? मी टिकली चेनीतनं काढली. दोन्ही हात गुंतलेले, एका हातात सॅक, एका हातात दाभन. शिवनारी बाई काय करते, सुई असो की बटन, ओठात धरते. मी टिकली ओठात धरली.

नि जीभ आखडली.

घाम न्हवे तो. घाम खारट असतो पन तो आंबूस. हे कडू, आटलेलं, कोंडीच्या तळचं. आनि तुमी खरं मानू नका पायजे तर, पन ती चव आमच्या आगराची व्हती. बापाला तवा वय झालं व्हतं, पानी नीट काढनं व्हायचं नाय त्याच्याच्यानं. मी उठले, कोपऱ्यात परत आलेल्या सॅका पडल्या व्हत्या, एकेकीची टिकली काढून जिभेला लावली. कडू, कडू, कडू. बाया बोलल्या, काय गो, आज उपास हाय का, चेनी चाटतेय. हसल्या. मंग मी एक जुनी सॅक घेतली, मिठाच्या आधीची, दगड लावायचो तवाची, पट्टा तुटला म्हनून आलेली. तिची टिकली जिभेला लावली, तिला लोखंडाची लागते तशी नुसती फिकी चव. नि चेन लोन्यासारखी चालत व्हती. तिच्यावर पन शेवटाला तेच तीन टाके.

आता तुमी म्हनाल, मंग लगेच सांगितलं असंल. नाय सांगितलं. मी साहेबांना बोलले, पावसाचं मीठ ओलं व्हतं, रेती जाड पोत्यात शिवून भरूया, मी दाभनानं घट्ट शिवते. ते बोलले, बरं. मीठ गेलं, कुनाला काय कळलं नाय. परत आलेल्या चेनी मी गरम पान्यानं धुवायची, मेनबत्तीचं मेन लावायची, नवी टिकली घालायची नि पाठवायची. कागदावर आता काय लिवायचं? आपली चूक, नि पुढं कोरं ठेवायची. नवऱ्याच्या कंपनीत तवा मानसं कमी करत व्हते, ते एक भ्याव व्हतंच. पन सगळं त्याच्यावर ढकलनार नाय मी. अर्धं भ्याव पोटाचं, नि अर्धं त्या टेबलाचं. मी लिवते ते खरं, असं साहेब बोलले व्हते ना.

गनपतीच्या आधी पेणला बाजारात मंगल भेटली. पापडाच्या घरी लाटायला जाते बोलली. हाताच्या कोपरापर्यंत पीठ. ज्योती बरी हाय, नववीत हाय. मी इचारलं, शिवतेस की नाय घरी? बोलली, नाय, मशीनवर गोधडी टाकली हाय, पोरीचा ब्लाऊज पन बाहेर देते शिवायला. मंग इचारलं, चेनी अजून फाटतात का गो?

नि मी बोलले, आता कमी झाल्यात.

खोटं नव्हतं ते. कमी झाल्या व्हत्या, मीठ बंद केलं व्हतं ना मी. तिनं मान हलवली नि बोलली, मंग माझ्याच हाताचं व्हतं म्हनायचं. सोताचे हात बगितले तिनं, दोन्ही बाजूंनी. मंग एसटी लागली नि गेली. माझ्या आयुष्यात मी लय वाईट बोलले असंन कुना-कुनाला, सासूला, नवऱ्याला, पन आता कमी झाल्यात, यापरीस वाईट काय बोलले नाय. माला लाज वाटली, तवा बी वाटली नि आता सांगताना बी वाटते.

तरी पन दिवाळीपर्यंत गप्प ऱ्हायले. दिवाळी झाली नि एक सॅक आली, खालची चेन फाटलेली. शिलाई नव्या बाईची. आखाडाच्या आधी, मीठ चालू व्हतं तवाची. साहेबांनी बगितलं नि वैतागले, बोलले, हिची पन तीच गत, हिला पन चेनीवरनं उठवायला लागंल. नवी बाई समोर, तिचं तोंड एवढंसं झालं. साहेबांनी कागद माझ्याकडं सरकवला, लिवा बाई. मी पेन खाली ठेवलं. बोलले, उद्या लिवते.

दुसऱ्या दिवशी सुट्टी. ती सॅक घेतली नि पेणला जाऊन गागोद्याची एसटी पकडली. मंगल अंगनात भात पाखडत व्हती. पानी दिलं तिनं, बस बोलली. मी टिकली काढून तिच्या हातावर ठेवली, बोलले, जिभेला लाव. येडी झाली का तू? लाव. तिनं लावली नि थुंकली, बोलली, शी, कडूजहर. मंग मी सगळं सांगितलं, वजनाचं मीठ, पाझरलेलं पानी, चेन, कागदावर लिवलेलं तिचं नाव. ती सूप मांडीवर घेऊन ऐकत व्हती. मधे एकदाच बोलली, त्या मिठाच्या पिशव्या मीच शिवल्या व्हत्या. मंग शांतपने इचारलं, तुला कवा कळलं?

आखाडात.

आज काय हाय?

कार्तिक निम्मा सरला व्हता. पेणच्या बाजारात तू माला भेटलीस तवा तुला म्हाईत व्हतं, असं ती बोलली. इचारलं नाय, बोलली. मी व्हय बोलले. तिनं सूप खाली ठेवलं, दाने पसरले सगळे, नि बोलली, माझ्यापुढं कशाला रडते, जिथं माझं नाव लिवलं तिथं जाऊन खोड. आत गेली नि दार लावून घेतलं. कोंबड्या आल्या ते दाने खायला. मी त्यांना हाकलून दाने परत सुपात भरले, सूप उंबऱ्यावर ठेवलं नि एसटीला आले.

सकाळी सगळ्या बाया यायची वाट बगितली. मंग साहेबांना बोलले, जिभेला लावा. त्यांनी लावली. सांगितलं सगळं. ते जुने कागद सगळे काढले नि एकेकावरचं मंगलचं नाव खोडून, शिलाई खोडून लिवलं, मीठ, नि पुढं माझं नाव. बावीस कागद. साहेब बोलले, मीठ चालेल असं तुमी सांगितलंत, पन हो मी बोललो, माझं पन नाव लिवा. ते बी लिवलं. माला काढतील असं वाटलं व्हतं, नाय काढलं. बोलले, या सगळ्या सॅका आपन परत मागवायच्या, फाटलेल्या नि न फाटलेल्या पन, गॅरंटी हाय आपली. नि मंगलकडं सोता गेले, स्कूटरवर.

मंगल आली. एका अटीवर आली. साहेबांना बोलली, ज्या बाईनं माझं नाव लिवलं तिनं प्रत्येक सॅकची जुनी चेन उसवायची, सोताच्या हातानं, नि नवी मी बसवनार. नि तिचं टेबल माझ्या मशीनसमोर लावा. तसं लावलं. सॅकांचा ढीग, दोन-अडीचशे असतील. मी उसवायची, तीन टाके आधी तोडायचे नि मंग चेन सुटायची, तिला द्यायची, ती नवी बसवायची नि शेवटाला तीन टाके परत मारायची. होळी आली तरी तेच चाललं व्हतं. तेवढ्या महिन्यांत ती माझ्याशी काय बोलली सांगू? पुढची. एवढंच. पुढची. पुढची. नि माला तुमी बोलायला लागली. पुढची द्या. अगो नाय, गो नाय. शिक्षा म्हनाल तर हीच, बाकी काय झालं नाय माला.

पुढं स्वस्तातल्या सॅका बाजारात आल्या, जड पन स्वस्त, साहेबांचं जमेना. कोकन रेल्वेची गाडी धावायला लागली त्याच्या पुढं एक-दोन वरसात शेड बंद झालं. साहेबांनी जाताना आमा प्रत्येकीला एक-एक सॅक दिली. आमा कुनालाच डोंगरात जायचं नव्हतं. माझ्या सॅकमधी नवऱ्याच्या औषधाचे कागद असायचे. तो गेला. आता रेशनकार्ड नि लाइटची बिलं. मी इथं वरशाला दारात मशीन टाकून बसते, शाळेची दप्तरं शिवते, रोह्याच्या कॉलेजची पोरं सॅका आनतात. गॅरंटी देत नाय कुनाला. फाटली तर आना बोलते, बगू.

मंगल लग्नाकार्यात भेटायची. बऱ्या हायत ना, बोलायची. मी बोलायची, बरी हाय. झालं.

नि ह्याच वरसी, दिवाळीच्या आधी, दारात एक बाई उभी. चाळिशीची, चश्मा. बोलली, मी ज्योती, मंगलची. झाली ती नर्स, सरकारी दवाखान्यात हाय. खांद्यावर सॅक. ओळखलीच मी, तराजूवाली सॅक. बोलली, आईची हाय ही, मी होस्टेलला नेली, नोकरीला नेली, आता माझा मुलगा गडावर घेऊन जातो, पट्टा उसवला. मी बगितलं तर व्हय, पट्टा उसवला व्हता, माझ्या दाभनाचा टाका झिजून तुटला व्हता. मी बोलले, ठेवून जा, चेन पन बगते. तशी ती हसली, बोलली, नको, आईनं मुद्दाम सांगितलंय. काय सांगितलंय? तर बोलली, आई म्हनाली, तिला म्हनावं, पट्टा तुझा हाय तो कर, चेन माझी हाय, तिला हात लावू नको गो.

मी बोलले, परत सांग, कशी म्हनाली. तिला वाटलं माला ऐकायला कमी येतं, तिनं मोठ्यानं सांगितलं. तसंच.

पट्टा शिवून दिला, आधीपरीस दुप्पट टाके. ती गेल्यावर वाटलं, देव तिला नि तिच्या लेकराला सुखी ठेवो. आता तुमच्यापासून काय लपवायचं, सॅक दोन दिस माझ्याकडं व्हती, नि मी चेनीला हात लावला नाय. ती बोलली नको, म्हंजे नको. नुसती वाकले नि खालच्या चेनीची टिकली जिभेला लावली. काय लागलं नाय.